ब्रेड-अंड्याचं कॅसरोल: रात्री भिजवा, सकाळी भाजा, पण वऱ्हाडच्या उन्हाळ्यात काय काळजी घ्याल?

मराठी घरांत 'कॅसरोल' म्हटलं की पोळ्या गरम ठेवायचा डबा आठवतो. सोशल मीडियावरच्या व्हिडिओंमध्ये दिसणारं 'ब्रेकफास्ट कॅसरोल' हा मात्र एक पदार्थ आहे. शिळ्या ब्रेडचे तुकडे अंडी-दुधाच्या मिश्रणात रात्रभर फ्रिजमध्ये भिजवायचे आणि सकाळी भाजायचे. अमेरिकेत नाताळच्या सकाळी, घरात पाहुणे असताना, हा बेत हमखास केला जातो. तिथे थर लावून केलेल्या या पदार्थाला 'स्ट्राटा' असंही म्हणतात.

कृती सोपी आहे. मात्र अमरावती-अकोल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 42 अंशांच्या वर जातो आणि रात्री वीजही जाते. तिथे 'रात्रभर ठेवा' ही सूचना जपून पाळावी लागते.

साहित्य किती लागतं?

चार ते सहा जणांसाठी, 20 सेंटिमीटरच्या चौकोनी आणि किमान 5 सेंटिमीटर खोल भांड्याचं हे प्रमाण:

- एक-दोन दिवसांचा ब्रेड किंवा पाव: सुमारे 300 ग्रॅम
- अंडी: 6
- दूध: 450 ते 500 मिली
- किसलेलं चीज: 100 ग्रॅम
- कांदा, सिमला मिरची, पालक: मिळून दीड-दोन वाट्या
- हिरवी मिरची, कोथिंबीर, मिरपूड, मीठ

चीज खारट असतं, म्हणून मीठ बेतानं घालावं.

ब्रेड शिळाच का हवा?

ताज्या ब्रेडमध्ये ओलावा जास्त असतो. तो मिश्रण कमी शोषतो आणि त्याचा लगदा होतो. शिळा ब्रेड कोरडा असल्यानं मिश्रण आतपर्यंत पितो आणि तरी आकार टिकवतो. ब्रेड ताजाच असेल तर तुकडे तव्यावर कोरडे भाजून घ्यावेत. बुरशीचा ठिपका दिसला तर मात्र तेवढाच भाग काढून चालत नाही, पूर्ण ब्रेड टाकून द्यावा.

रात्री काय करायचं?

भाज्या तेलावर परतून त्यांचं पाणी आटवावं आणि पूर्ण थंड कराव्यात. कच्च्या घातल्या तर भाजताना पाणी सुटतं. भांड्याला तूप किंवा लोणी लावून ब्रेड, भाजी आणि चीज यांचे थर लावावेत. अंडी, दूध, मीठ, मिरपूड फेटून वरून ओतावं, ब्रेड चमच्यानं हलकेच दाबावा आणि झाकण घालून भांडं लगेच फ्रिजमध्ये ठेवावं.

फ्रिजबाहेर ठेवलं तर काय होतं?

कच्च्या अंड्यात साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात. 4 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान जिवाणू झपाट्यानं वाढतात. म्हणून असे पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नयेत, असं अन्नसुरक्षेचे नियम सांगतात. हवा 32 अंशांहून गरम असेल तर ही मर्यादा एका तासावर येते. वऱ्हाडात उन्हाळ्याच्या रात्रीही अनेकदा याच मर्यादेत मोडतात.

वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नये. बंद फ्रिज साधारण चार तास गारवा धरतो. त्याहून जास्त वेळ वीज नसेल तर ते मिश्रण वापरू नये. जिथे विजेचा भरवसा नाही, तिथे रात्री फक्त भाज्या परतून फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि ब्रेडचे तुकडे करून ठेवावेत. अंडी सकाळी फोडावीत. अर्धा तास भिजवलं तरी काम भागतं.

पाण्यात बुडणारं अंडं ताजं, तरंगणारं जुनं, ही घरगुती परीक्षा अंड्याचं वय सांगते. त्यात जिवाणू आहेत की नाहीत, हे त्यावरून कळत नाही. तडकलेलं अंडं वापरू नये.

सकाळी कसं भाजायचं?

ओव्हन आधी 180 अंशांवर तापवून 45 ते 50 मिनिटं भाजावं. फ्रिजमधलं गार काचेचं भांडं थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवलं तर तडकू शकतं. ते 20 मिनिटं बाहेर ठेवावं किंवा सरळ धातूचं भांडं वापरावं.

ओव्हन नसेल तर जाड बुडाचं पातेलं चालतं. तळाशी मिठाचा थर, त्यावर स्टँड ठेवून, झाकण लावून ते 10 मिनिटं तापवावं. मग आत भांडं ठेवून मंद आचेवर साधारण 50 ते 60 मिनिटं भाजावं. कुकर वापरायचा तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढून ठेवावी.

मधोमध सुरी घातल्यावर ती कोरडी निघाली की पदार्थ झाला. थर्मामीटर असेल तर आतलं तापमान किमान 71 अंश हवं. फार वेळ भाजल्यास अंड्यातली प्रथिनं आवळतात, पाणी बाहेर पडतं आणि पदार्थ रबरासारखा होतो. कापण्यापूर्वी 10 मिनिटं थांबलं की वड्या नीट पडतात.

अंडं चालत नसेल तर?

अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर हे गोविंदप्रभूंचं गाव, महानुभाव पंथाचं मोठं तीर्थक्षेत्र. या पंथात शाकाहाराचा नेम कडक आहे, अंडंही वर्ज्य असतं. अशा घरांत पातोडीचं तंत्र उपयोगी पडतं, कारण उष्णतेनं बेसनही घट्ट बसतं. 300 ग्रॅम ब्रेडला 100 ग्रॅम बेसन आणि 400 मिली पातळ ताक घ्यावं. त्यात हळद, ओवा, तिखट, मीठ घालून गुठळ्या मोडाव्यात. बेसन तळाशी बसतं, म्हणून हे मिश्रण रात्रभर न ठेवता सकाळीच ओतून 20 मिनिटं भिजवावं. ब्रेडच्या पाकिटावरचा हिरवा ठिपकाही पाहून घ्यावा.

उरलं तर?

उन्हाळ्यात तासाभराच्या आत फ्रिजमध्ये ठेवावं आणि तीन दिवसांत संपवावं. खाताना आतून वाफ निघेपर्यंत गरम करावं. पोळ्यांच्या कॅसरोलमध्ये मात्र ते झाकून ठेवू नये. त्या डब्यात पदार्थ तासन् तास कोमट राहतो, आणि जिवाणूंना तेच हवं असतं.