घाण्याचे तेल आणि डब्याचे तेल : शेंद्रा परिसरातील घरगुती दिव्यांचा इतिहास

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील शेंद्रा हे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे आणि चैत्रात भरणाऱ्या मांगीरबाबाच्या यात्रेमुळे ओळखले जाते. परंतु वीज येण्यापूर्वी या गावातील आणि आसपासच्या मराठवाड्यातील रात्र ज्या दिव्यांवर निभावली गेली, ते दिवे कारखान्यातून आलेले नसून बहुतांशी घरातल्याच वस्तूंतून सिद्ध झालेले होते. त्यांच्या इतिहासाचे ढोबळमानाने दोन कालखंड पडतात. पहिल्यात दिव्याचे तेल शेतातून आणि घाण्यातून येत असे, तर दुसऱ्यात ते दुकानातून, पत्र्याच्या डब्यातून येऊ लागले. तेल बदलले तसे दिव्याचे भांडे बदलले, वात बदलली आणि घरातील त्याची जागाही बदलली.

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत रब्बी हंगामात होणारी करडई हे या प्रदेशाचे जुने तेलबी पीक होय. तिच्या काटेरी झाडांमुळे जनावरे आत शिरत नाहीत, म्हणून ज्वारीच्या शेताच्या कडेने करडईच्या ओळी पेरण्याची पद्धत होती. त्यामुळे एकाच पिकातून कुंपण आणि तेल या दोन्ही गरजा भागत. करडईखेरीज जवस, तीळ आणि एरंडी यांचेही तेल काढले जाई. बैलाने फिरवल्या जाणाऱ्या लाकडी घाण्यात ‘लाट’ नावाच्या जड दांड्याखाली बी चिरडले जाई, तेल खाली निथळे आणि उरलेली पेंड जनावरांच्या दावणीत जाई. तेल्याच्या या व्यवसायाची दख्खनमधील प्राचीनता शिलालेखांवरून सिद्ध होते. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळच्या नाशिक येथील लेखात आजारी भिक्षूंच्या औषधोपचारासाठी निरनिराळ्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, ठेवलेल्या रकमांची नोंद आहे. त्या श्रेणींत ‘तिलपिषक’ म्हणजे तेली यांचा स्पष्ट उल्लेख असून ‘कुलरिक’ म्हणजे बहुधा कुंभार असावेत, असे मानले जाते. पुढे ग्रामव्यवस्थेतही कुंभार बलुतेदारांत, तर तेली अनेक ठिकाणच्या याद्यांत अलुतेदारांत गणला गेला.

कुंभाराच्या चाकावरची पणती हा या काळातील सर्वसामान्य दिवा होता, तथापि तीही प्रत्येक वेळी विकत किंवा बलुत्यात घ्यावी लागत असे असे नाही. फुटलेल्या मडक्याचा खोलगट तुकडा, म्हणजे खापर, हा तेल धरण्यास पुरेसा असे. वात घरच्या कापसाची असे आणि तिचे प्रकार कामानुसार ठरत : कापूस लांब वळून केलेली काडवात, तुपाच्या निरांजनासाठी तळाशी पसरट आणि वर टोकदार अशी फुलवात, आणि जुन्या सुती कापडाची चिंधी पिळून केलेला जाड काकडा. पहाटेच्या ज्या आरतीत हा काकडा पेटवला जातो, तिला त्यावरूनच काकड आरती हे नाव मिळाले. दिवा ठेवण्यासाठी मातीच्या भिंतीत कोनाडा राखलेला असे; वाऱ्यापासून ज्योतीचे रक्षण करणे आणि सांडलेल्या तेलापासून घराचे रक्षण करणे ही दोन्ही कामे तो करी.

या दिव्यांचे भांडे उथळ आणि उघडे का असते, याचे उत्तर तेलाच्या गुणधर्मांत आहे. वातीच्या धाग्यांमधील सूक्ष्म पोकळ्यांतून द्रव आपोआप वर चढतो, या क्रियेला केशाकर्षण म्हणतात. करडईसारखे खाद्यतेल दाट असल्याने ते वातीतून फार उंच चढू शकत नाही, म्हणून ज्योत तेलाच्या पृष्ठभागालगतच असावी लागते, आणि तेल उतरत जाईल तशी वात पुढे सारावी लागते. दुसरीकडे, हे तेल अतिशय तापल्याखेरीज पेट घेत नाही, त्यामुळे भांडे उघडे असले तरी सहसा भडका उडत नाही. दिवा कलंडलाच तर बहुधा तेल वाया जाई आणि ज्योत विझे. मात्र जे तेल दिव्यात तेच भाजीत जात असल्याने प्रत्येक रात्रीचा उजेड हा स्वयंपाकातून काढून दिलेला वाटा होता. दिवेलागणीला लावलेला दिवा जेवणे होताच शांत करण्यामागे धार्मिक संकेताइतकाच हा हिशेबही होता.

नित्याच्या दिव्याखेरीज काही दिवे विशिष्ट प्रसंगापुरतेच घडवले जात. आषाढ अमावास्येला, म्हणजे दिव्यांच्या अवसेला, घरातील समया आणि निरांजने घासूनपुसून पाटावर मांडली जातात आणि कणकेत गूळ घालून मळलेल्या गोळ्यांना वाटीचा आकार देऊन ते दिवे उकडले जातात; तुपाची वात लावून ओवाळून झाल्यावर ते खाल्लेही जातात. काही घरांत कणकेऐवजी बाजरीचे पीठ वापरले जाते. दिवाळीच्या दिवसांत गुराखी मुले लव्हाळ्यासारख्या गवताची नागफणीच्या आकाराची दिवटी विणत, तिच्यात पणती ठेवून गोठ्यागोठ्यात गाई-म्हशींना ओवाळत. खंडोबाच्या उपासनेतील दिवटी-बुधली, म्हणजे हातात धरायचा दिवा आणि त्याला तेल पुरवणारे भांडे, ही जोडीही याच जुन्या परंपरेतील आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास खनिज तेल शुद्ध करून दिव्यासाठी वापरण्याचे तंत्र युरोप-अमेरिकेत प्रस्थापित झाले आणि १८५९ मध्ये पेनसिल्वेनियात ड्रेक याने खोदलेल्या विहिरीला तेल लागल्यानंतर त्याचा व्यापार जगभर पसरला. मराठीत या तेलाला मिळालेली दोन्ही नावे त्याचे परकेपण सांगतात : ‘रॉकेल’ हे रॉक ऑइल म्हणजे खडकातले तेल यावरून आले, तर ‘घासलेट’ हे गॅसलाइट या शब्दाचे मराठी रूप आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडणाऱ्या या भागातून १९०० च्या सुमारास मनमाडहून औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) आणि जालनामार्गे हैदराबादकडे जाणारी रेल्वे सुरू झाली आणि जड मालाप्रमाणेच तेलाचे डबे आणण्याचीही सोय झाली. सुमारे १८ लिटर तेल मावणारा चौकोनी पत्र्याचा डबा रिकामा झाल्यावर धान्याचा किंवा पाण्याचा डबा म्हणून घरोघर वापरला गेला, आणि त्याचाच पत्रा कापून कारागिरांनी दिवेही बनवले.

या तेलाने घरगुती दिव्याची रचनाच उलटी केली. रॉकेल पातळ असल्याने वातीतून सहज उंच चढते, म्हणून वात उभी ठेवता येते. परंतु ते थोड्या उष्णतेनेही पेट घेते, म्हणून भांडे झाकलेले असावे लागते. यातून ‘चिमणी’ हा घरगुती दिवा जन्मला. शाईची दौत किंवा औषधाची रिकामी बाटली घेऊन तिच्या पत्र्याच्या झाकणाला भोक पाडावे, त्यात पत्रा गुंडाळून केलेली बारीक नळी बसवावी, जुन्या धोतराची किंवा लुगड्याची चिंधी पिळून नळीतून तळापर्यंत सोडावी आणि टोक किंचित बाहेर ठेवावे, एवढीच तिची कृती होती. टोक जास्त बाहेर राहिले तर ज्योतीला हवा अपुरी पडून धूर होई, भिंतीवर काजळी धरे. आणि इतक्या खटाटोपातून मिळणारा उजेड सुमारे १० ल्यूमेन, म्हणजे ६० वॅटच्या साध्या बल्बच्या साठाव्या-सत्तराव्या भागाएवढाच असे.

पणतीपेक्षा चिमणी धोक्याचीही होती, कारण उंच, हलकी बाटली कलंडली की सैल झाकणातून तेल सांडून आग पसरे. ही अडचण केवळ महाराष्ट्रापुरती नव्हती. श्रीलंकेतील शल्यचिकित्सक विजय गोडकुंबुरा यांनी भाजलेल्या रुग्णांवर उपचार करताना तिचे मूळ ओळखले आणि बसकी, जड काचेची, सपाट बाजूंची व स्क्रूच्या झाकणाची ‘सुदीपा’ ही बाटली तयार केली. या कामासाठी त्यांना १९९८ मध्ये रोलेक्स पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रात ज्यांना परवडे ते काचेच्या कंदिलाकडे वळले. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळील ओगलेवाडी येथील ओगले काच कारखान्याचा प्रभाकर कंदील हे स्वदेशी उद्योगाचे नामवंत उदाहरण ठरले. पुढे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने ‘नूरी’ हा कंदील विकसित केला, ज्याचा उजेड १०० वॅटच्या बल्बच्या जवळ जाणारा होता. हीच संस्था करडईच्या संशोधनासाठीही ओळखली जाते, त्यामुळे या इतिहासातील दोन्ही तेले तेथे एका छताखाली भेटतात.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या सत्तेतून मुक्त झाला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले आणि त्यानंतरच्या दशकांत खेडोपाडी तारा पोचल्या, तरी वीज जाण्याच्या धास्तीने शिधापत्रिकेवरचे रॉकेल आणि चिमणी कोपऱ्यात जपून ठेवलेली असत. विजेपाठोपाठ शेंद्रा येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली, २००१ मध्ये स्कोडाचा मोटार कारखाना सुरू झाला आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी औरिक या नियोजित औद्योगिक नगराच्या मुख्य इमारतीचे उद्घाटन झाले.

या स्थित्यंतरात दोन्ही दिव्यांचे भवितव्य वेगळे ठरले. चिमणी नवी होती आणि केवळ उजेडासाठी होती. पूजेला रॉकेल चालत नसल्याने तिला देवघरात कधी जागा मिळाली नव्हती, म्हणून अधिक चांगला उजेड येताच ती माजघरातूनही गेली आणि तिची आठवण ठेवणारा एकही सण उरला नाही. तिच्याहून कितीतरी जुनी पणती मात्र शेत, स्वयंपाक आणि सणवार यांच्याशी जोडलेली असल्याने टिकून राहिली, आणि आषाढ अमावास्येला मराठवाड्यातील अनेक घरांत कणकेचे दिवे आजही उकडले जातात.