नाचणीचें सत्त्व : बालकांच्या एका जुन्या अन्नाचा इतिहास

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं पूर्वजांचीं कार्यें आपण आठवितों. त्यांनीं आपल्या लेंकरांस काय भरविलें, हेंहि आठवणें उचित होय. कोंकणांतील व गोव्यांतील अनेक घरांत या प्रश्नाचें उत्तर नाचणी असेंच मिळेल.

हें धान्य मूळचें पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ प्रदेशांतील. प्राचीन काळींच तें भारतांत आलें. भात न होणाऱ्या वरकस उतारावरहि तें पिकत असल्यामुळें गरिबाच्या घरीं त्याचा आधार असे. बालकास दांत येऊं लागले म्हणजे गृहिणी नाचणी भिजवून, फडक्यांत बांधून तिला मोड आणीत. मग ती वाळवून दळीत, आणि वस्त्रगाळ पिठाची लापशी गूळ व नारळाचा रस घालून शिजवीत.

या कृतींतील मर्म शास्त्रास पुष्कळ उशिरां उमगलें. मोड येतांना धान्यांत अमायलेज नांवाचें पाचक द्रव्य वाढतें. त्यामुळें लापशी पातळ राहते, व लहानशा पोटांत अधिक पीठ मावतें. १९८० नंतरच्या दशकांत बडोद्याच्या विद्यापीठांत तारा गोपालदास यांनीं याच तत्त्वावर बालान्नाचें संशोधन केलें. शिवाय १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तितक्याच गाईच्या दुधांत तें सुमारें १२० भरतें, जरी दुधांतील अधिक सहज अंगीं लागतें.

तथापि जुनें तें सर्वच निर्दोष होतें, असें म्हणवत नाहीं. गाळतांना टरफलाबरोबर खनिजांचा मोठा वाटा चोथ्यांत जाई. आणि केवळ धान्याच्या पेजेवर बालकाचें पोषण होत नाहीं. १९३३ सालीं सिसिली विल्यम्स या डॉक्टरीणबाईंनीं गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना देशांत, आईचें दूध तुटून मक्याच्या पेजेवर राहिलेल्या मुलांच्या अंगास सूज आणणाऱ्या रोगाचें वर्णन प्रसिद्ध केलें. तेथील गा भाषेंत त्यास क्वाशिओरकोर म्हणत : धाकटें भावंड आल्यावर थोरल्यास जडणारें दुखणें. त्याच बाईंनीं १९३९ सालीं सिंगापुरांत, तान्ह्यांस गोड डबाबंद दूध पाजण्याविरुद्ध कठोर भाषण केलें. भारतांत तान्ह्यांच्या डबाबंद दुधाच्या जाहिरातींस आळा घालणारा कायदा १९९२ सालीं झाला.

तेव्हां, मातांनो, सहा महिने केवळ आपलें दूध द्यावें. पुढें तें दोन वर्षें वा अधिक चालूं ठेवून मोडाच्या नाचणीची लापशी भरवावी, व तिच्या जोडीस वरण, अंडें, मासा वा भाजी असावी. आजीची नाचणी उत्तमच. मात्र तिला एकटी सोडूं नये.