साहेबमामांचा तुकाराम

आमच्या लहानपणी भोकरदनला बाजाराच्या मोकळ्या जागेत तंबूची टॉकीज यायची. मधे पांढरा पडदा, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, आणि बाहेर जनरेटरची घरघर. शेजारच्या माळकरी काकांनी एकदा आग्रह करून आम्हा सर्वांना 'संत तुकाराम' पाहायला नेले. अब्बा निजामाच्या अमदानीत उर्दू शाळेत शिकलेले. देवनागरी अक्षरे त्यांना चटकन लागत नसत, म्हणून पडद्यावरची नावे आम्ही वाचून दाखवत होतो. 'दिग्दर्शक : दामले-फत्तेलाल' असे वाचल्यावर अब्बा म्हणाले, "फत्तेलाल म्हणजे कुणी मारवाडी असणार." काकांनीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी शाळेत आम्ही तुकारामाची गोष्ट रंगवून सांगू लागलो, तर एकजण सहज म्हणाला, "पण तुमचा त्याच्याशी काय संबंध?" त्याच्या बोलण्यात द्वेष नव्हता. त्याला खरोखरच तसे वाटत होते, आणि आमच्याकडे उत्तर नव्हते. उत्तर आदल्या रात्री आम्हीच मोठ्याने वाचले होते, हे कळायला पुढे वीस वर्षे गेली. फत्तेलाल म्हणजे शेख फत्तेलाल, कोल्हापूरजवळच्या कागलचे. हे समजले तेव्हा अब्बा हयात नव्हते.

शेख फत्तेलाल यांचा जन्म १८८६ चा. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते चित्रपटाची कला शिकले. तिथेच विष्णुपंत दामले यांच्याशी त्यांची जोडी जमली. १९२९ साली या दोघांनी व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये ती पुण्यास आली. कंपनीतली लहानथोर मंडळी या दोघांना दामलेमामा आणि साहेबमामा म्हणत.

बोलपट आला तो १९३१ साली, 'आलम आरा'ने. पुढच्याच वर्षी प्रभातने 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट काढला. प्रभातमधली कामाची वाटणी इथे ध्यानात घेण्यासारखी आहे. ध्वनिमुद्रणाचे खाते दामल्यांकडे होते आणि कलादिग्दर्शन फत्तेलालांकडे. म्हणजे पडद्यावर काय दिसावे याचा विचार करणारा एक माणूस आणि काय ऐकू यावे याचा विचार करणारा दुसरा, असे दोघे १९३६ साली 'संत तुकाराम'च्या दिग्दर्शनाला एकत्र बसले. चित्रपटाचा अर्थ केवळ कथेत नसतो, तो दृश्य आणि ध्वनी यांच्या निवडीतून घडतो, हे समजून घ्यायला मराठीत याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

चित्रपटाचा आरंभच पाहा. तुकाराम विठ्ठलापुढे बसून गातो आहे. गाणे साधे आहे, त्याला कसली घाई नाही, कुणाला ऐकवण्याची इच्छा नाही. विष्णुपंत पागनीस हे रंगभूमीवर स्त्री-भूमिका केलेले नट. त्यांच्या आवाजातला मऊपणा इथे पुरेपूर कामी आला आहे. लगेच पुढे सालोमालो तीच रचना स्वतःची म्हणून लोकांपुढे गातो, पण नाटकी ढंगाने, हातवारे करत, दाद मिळते का ते पाहत. शब्द तेच आहेत. बदलली आहे ती गाण्याची तऱ्हा, आणि कॅमेऱ्यापुढे बसण्याची ढब. खरा भक्त कोण आणि चोर कोण, हे कुणी सांगण्याआधीच प्रेक्षकाला कळते. या चित्रपटातला खलपुरुष ओळखायला वेषाची गरज पडत नाही, तो आवाजावरूनच ओळखू येतो.

आता दृश्याकडे वळू. 'अयोध्येचा राजा' किंवा १९३४ चा 'अमृतमंथन' यांतले भव्य देखावे उभारणारे कलादिग्दर्शक हेच फत्तेलाल. त्यांना तुकारामाचे देहूही डोळे दिपवील असे करता आले असते. त्यांनी तसे केले नाही. इथे चूल आहे, म्हैस आहे, अंगण आहे, पोराबाळांचे फाटके कपडे आहेत. तुकारामाभोवती सतत तेजोवलय फिरवण्याऐवजी त्यांनी त्याला कर्जबाजारी कुणब्याच्या घरात बसवले. चमत्कार या चित्रपटातही होतात, पण ते घरातल्या उपाशी पोरांसमोर होतात, म्हणून त्यांना वजन येते.

आणि त्या घरात जिजाई आहे. गौरीबाईंनी साकारलेली ही जिजाई विठ्ठलावर चिडते. पोर आजारी पडल्यावर त्याला ओढत देवळात नेते आणि थेट देवावरच वहाण उगारते. तिची खेडवळ, तिखट बोली आणि तुकारामाचे शांत गाणे यांची सारखी टक्कर होत राहते. केशवराव भोळ्यांचे संगीत तिचा आवाज दाबून टाकत नाही. अखेरीस तुकाराम वैकुंठाच्या विमानात बसतो आणि जिजाई चूलीपाशीच राहते. एका बाजूला आकाशात जाणारे गरुडाचे विमान, दुसऱ्या बाजूला चूल. पाहणाऱ्याचे मन कुठे ओढ घेते, हे आमच्या तंबूतल्या बायकांच्या हुंदक्यांवरून आम्हाला त्या रात्रीच समजले होते.

हा चित्रपट मुंबईत वर्षभराहून अधिक काळ चालला आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला. शांताराम आठवले यांनी त्यासाठी लिहिलेले 'आधी बीज एकले' हे गीत इतके एकजीव झाले की लोक त्याला तुकारामाचाच अभंग समजू लागले. कुणाचा शब्द, कुणाचा सूर, कुणाची रेषा हे विसरून गेलेला तुकाराम महाराष्ट्राने घराघरांत नेला. आज डोळे मिटून तुकाराम आठवला तर अनेकांना पागनीसांचा चेहरा दिसतो. त्या चेहऱ्याभोवतीची चौकट एका मराठी मुसलमानाच्या नजरेने आखलेली आहे.

यात नवल वाटावे असे काही नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' लिहिला, तेव्हा त्यांनाही कुणाच्या परवानगीची गरज पडली नाही. नवल आहे ते आपल्या विसराळूपणाचे.

प्रभातनेच १९४१ साली आणखी एक प्रयोग केला. व्ही. शांताराम यांनी एकच कथा मराठीत 'शेजारी' आणि हिंदीत 'पडोसी' या नावांनी काढली. एका गावातले दोन जिवलग मित्र, एक हिंदू, एक मुसलमान. धरणाच्या निमित्ताने बाहेरचा माणूस त्यांच्यात फूट पाडतो आणि शेवटी धरण फुटताना दोघे एकत्र प्राण सोडतात. 'पडोसी'त हिंदू ठाकूर झाले मजहर खान, तर मिर्झा झाले गजानन जहागीरदार. दाढी, टोपी, पगडी, बोलण्याची ढब या गोष्टी अंगावर चढवता येतात आणि उतरवताही येतात, एवढे ही पात्रनिवड न बोलता सांगून जाते. देशात फाळणीची मागणी जोर धरत होती त्या काळातली ही निवड आहे.

पुढच्या काळात काय झाले? हिंदी पडद्यावर आधी नवाब आणि मुशायरे आले, मग कव्वाली गाणारा दिलदार मित्र आला, आणि १९९० नंतर सुरमा घातलेला, हिरव्या उजेडात बसलेला माणूस वारंवार येऊ लागला. त्याच्या आगमनाला अजानचा किंवा अरबी वळणाच्या आलापाचा तुकडा जोडला जातो. तो तोंड उघडण्याआधीच प्रेक्षक सावध होतो. भोकरदनला रोज पहाटे जी अजान ऐकून हॉटेलवाला, मग तो कोणत्याही धर्माचा असो, भट्टी पेटवतो, तीच अजान पडद्यावर भीतीची खूण होऊन बसते. यावर आपण मोर्चे काढतो, बंदीची मागणी करतो. त्यापेक्षा आपल्या मुलांना हे कसे घडवले जाते ते दाखवून द्यावे, असे आम्हाला वाटते. उजेडाचा रंग कुणीतरी निवडलेला असतो. पार्श्वसंगीत कुणीतरी मागाहून जोडलेले असते. सालोमालोला ओळखण्यासाठी दामले-फत्तेलालांनी वापरलेले साधन हेच, पण त्यांनी ते माणसाचा खोटेपणा दाखवायला वापरले, त्याची जात किंवा धर्म दाखवायला नव्हे.

आमच्या भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. १९७३ साली इथे उत्खनन झाले. तिथे मिळालेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य १९३८ मध्ये इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी अभ्यासकांना जाणवले. आमच्या गावच्या हातांची कला समुद्रापार गेली असावी, असा कयास त्यावरून बांधला जातो. त्या कारागिराचे नाव मात्र कुठे कोरलेले नाही. साहेबमामांचे तसे नाही. १९६४ साली ते गेले, पण त्यांचे नाव चित्रपटाच्या आरंभी ठळक अक्षरांत आहे. आपणच ते नीट वाचले नाही.

म्हणून आमची एक सूचना आहे. आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनात 'संत तुकाराम'ची पहिली दहा मिनिटे मुलांना दोनदा दाखवा. एकदा आवाज बंद करून, आणि एकदा डोळे मिटून. अब्बांनी त्या रात्री अर्धा चित्रपट डोळे मिटूनच पाहिला होता. आम्हाला वाटले, त्यांना झोप लागली. घरी परतताना मात्र ते सालोमालोच्या गाण्याची हुबेहूब नक्कल करून काकांना हसवत होते.