हुकूम एका तारेने, वीज दुसऱ्या तारेने



या व्याख्यानाचं निमंत्रण आलं तेव्हा मी आयोजकांना म्हटलं, अहो, मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. विजेच्या बाबतीत माझी मजल फ्यूजची तार बदलण्यापर्यंत. डिजिटल लायटिंग कंट्रोलवर मी काय बोलणार? ते म्हणाले, सर, जोडणी शिकवायला दुसरे सर येणार आहेत. तुम्ही हे सगळं इथपर्यंत आलं कसं, ते सांगा. ते मला जमेल. पण सुरुवात एका फजितीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी एका नव्या सभागृहात माझं व्याख्यान होतं. पडद्यावर चित्रं दाखवायची होती. सगळे दिवे फटफटीत पेटलेले, पडद्यावर काहीच दिसेना. मी म्हटलं, पुढचे दिवे मालवा. भिंतीवर बटणं नव्हतीच, काचेची एक पाटी होती. तिच्यावर बोट ठेवलं तरी काही होईना. तिथला इलेक्ट्रिशियन मुलगा, असेल विशीतला, घामाघूम झाला. म्हणाला, "सर, याचा कोड इंजिनिअरकडं आहे. ते पुण्याला असतात. फोन लागत नाही." शेवटी त्यानं लाईटचा एमसीबी पाडला. मग पडदा दिसायला लागला, पण मला माझी टिपणं दिसेनात. एकानं मोबाईलची बॅटरी धरली आणि मी चाळीस मिनिटं बोललो.

त्या मुलाचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. हातात पक्कड, खिशात टेस्टर, परवाना असलेला माणूस. आणि एक दिवा मालवायला त्याला पुण्याची परवानगी लागत होती. हे असं कधीपासून झालं? आजचा सगळा इतिहास मी या एका प्रश्नासाठी सांगणार आहे.

मी लहान होतो तेव्हा आमच्या घरी चिमणी आणि कंदील. लग्नात किंवा सप्त्याच्या कीर्तनाला गॅसबत्ती. चिमणीची वात वर-खाली करायची ती बोटानं. म्हणजे उजेड कमी-जास्त करायची सोय होतीच बघा, त्याला आपण डिमर म्हणत नव्हतो एवढंच! (हशा) दिवा पाहिजे असेल तर माणूस दिव्यापाशी जायचा. मुंबईत १८६५ साली रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले, तेव्हा आपली हिंगोली निजामाच्या राज्यातली छावणी होती. मुंबईत संध्याकाळी दिवे लावणारा माणूस खांबाखांबापाशी जायचा आणि त्याच्या मागं बघ्यांची गर्दी चालायची, असं वर्णन आहे. त्या काळात दिव्याला हुकूम देणं म्हणजे स्वतः चालत जाऊन ज्योत लावणं.

मग वीज आली. १८८२ साली मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटात आणि काही रस्त्यांवर विजेचे दिवे लावायचा करार झाला. दिवे लागलेही. पण पुढच्याच वर्षी ती कंपनी बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसवर गेलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला ती लागणार आहे. दिवे चांगले होते, ते चालवणारा निघून गेला.

आपल्या भागात वीज पोचायला पुढं कितीतरी वर्षं लागली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झालं. त्याच दशकात पूर्णा नदीवर येलदरीचं धरण आणि साडेबावीस मेगावॅटचं वीजघर उभं राहिलं. आमच्या घरी पहिला बल्ब लागला, त्या दिवशी आजीनं बटणाला हळदकुंकू लावलं. बल्बला नाही, बटणाला! तिला नेमकं कळलं होतं की नवी गोष्ट कुठं आहे. उजेड तिनं जन्मभर पाहिला होता. उजेडापासून दहा फूट लांब उभं राहून त्याला सांगता येतं, हे नवं होतं.

आता तुमच्या भाषेत बोलू. साध्या स्विचमध्ये काय होतं? फेज तुटतो किंवा जुळतो. जी तार दिव्याला वीज देते, तीच तार हुकूमही देते. करंट आणि हुकूम एकाच वाटेनं जातात. जिन्याचा टू-वे स्विच घ्या, खाली लावा, वर मालवा, तिथंही तेच. या पद्धतीचा मोठा गुण असा की टेस्टर लावला की सगळं कळतं. लपलेलं काही नाही.

पण अडचण आली ती नाटकवाल्यांना. त्यांना दिवा नुसता लावायचा-मालवायचा नव्हता, पहाट करायची होती. जुन्या काळी जगभरच्या नाट्यगृहांत त्यासाठी मिठाच्या पाण्याचे डिमर असत. भांड्यात खारं पाणी, त्यात धातूची पट्टी खाली-वर करायची. अंतर बदललं की रोध बदलतो, दिवा मंदावतो. पाणी तापायचं, वाफ यायची. पुढं तारेचे रोधक आले, तेही तापायचे. अर्धा उजेड पाहिजे म्हणून उरलेली वीज उष्णतेत घालवायची, असा तो व्यवहार. १९६०च्या आसपास अर्धवाहकाचे डिमर आले. ट्रायॅक तुम्हाला माहीत आहे, पंख्याच्या रेग्युलेटरमध्ये असतो. तो लाटेचा तुकडाच कापतो, त्यामुळे वीज जळत बसत नाही. तरी अजून हुकूम आणि करंट एकाच तारेत.

दुसरी एक वाट मी हिंगोलीच्या दसऱ्याच्या प्रदर्शनात पाहिली. रामलीला मैदानावर पळती लायटिंग असायची. दिवे एकामागोमाग लागतात आणि वाटतं उजेड धावतोय. मी शाळकरी पोर, मागं जाऊन बघितलं. एक लाकडी रोळ मोटारीवर फिरत होता. त्यावर पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेल्या. पट्टी जिथं टेकेल ती लाईन पेटायची. पट्ट्या बदलल्या की नक्षी बदलायची. आज मला वाटतं, तो रोळ म्हणजे लिहून ठेवलेला हुकूम होता. त्याला तुम्ही आज प्रोग्रॅम म्हणता. पण तो लायटिंगवाल्याच्या स्वतःच्या हातचा होता. बिघडला तर तोच दुसरी पट्टी ठोकायचा.

खरी फारकत नंतर झाली. हुकुमासाठी वेगळ्या दोन बारीक तारा टाकायच्या, वीज आपली जाड तारेनं जाईल. आधी या बारीक तारांत शून्य ते दहा व्होल्टचा दाब असायचा. दाब जितका, तितका उजेड. मग त्या तारांतून आकडे जायला लागले. १९८६ साली अमेरिकेतल्या नाट्यतंत्रज्ञांच्या संस्थेनं डीएमएक्स ५१२ ही पद्धत ठरवली. एका केबलवर ५१२ चॅनेल. सगळ्या कंपन्यांनी एकच बोली बोलायची, हा तिचा हेतू. स्टेजवर, ऑर्केस्ट्रात, लग्नाच्या हॉलमध्ये आज तुम्ही ती वापरता. केबल एका दिव्यातून दुसऱ्यात अशी रांगेनंच न्यायची, फाटे फोडायचे नाहीत, आणि शेवटच्या टोकाला १२० ओमचा रोध लावायचा. पण ती बोली एकतर्फी आहे. कंट्रोलर बोलतो, दिवे ऐकतात. दिवा उडाला तरी कंट्रोलरला पत्ता नाही.

इमारतींसाठी १९९०च्या दशकात युरोपात डाली आली. दोनच तारा, उलटसुलट जोडल्या तरी चालतात. एका लाईनवर ६४ पत्ते, १६ गट, १६ सीन. तारांत साधारण १६ व्होल्ट डीसी. लांबी जास्तीत जास्त ३०० मीटर, तीही दीड चौरस मिलिमीटरची तार असेल तर. फाटे फोडले तरी चालतात, फक्त रिंग करायची नाही. आणि एक गोष्ट जिवाची: १६ व्होल्ट आहेत म्हणून त्या तारांना बेफिकीर हात लावू नका. त्या मेनच्या तारांसोबत एकाच केबलमध्ये जाऊ शकतात आणि त्यांचं इन्सुलेशन मेनपासून पूर्ण सुरक्षित धरलेलं नसतं.

इथं माझ्या विषयाचा एक माणूस भेटतो. गुस्ताव फेखनर, जर्मन, पदार्थविज्ञान आणि तत्त्वज्ञान दोन्हींचा अभ्यासक. १८६० साली त्यानं मांडलं की संवेदना उद्दीपकाच्या प्रमाणात सरळ वाढत नाही. अंधाऱ्या खोलीत एक पणती लावली की केवढा फरक पडतो. शंभर पणत्यांत एक वाढवली तर कळतसुद्धा नाही. डालीची मोजपट्टी याच समजुतीवर बांधलेली आहे. वरचा आकडा २५४. २२९ म्हटलं की प्रकाश निम्म्यावर येतो, १७० म्हटलं की दहा टक्क्यांवर. मुलांना वाटतं मीटर खराब आहे. मीटर ठीक आहे, पट्टी डोळ्याच्या हिशेबानं आखलीय.

आपल्या न्यायदर्शनात दिव्याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. वस्तू बघायला दिवा लागतो, पण दिवा बघायला दुसरा दिवा लागत नाही. तसंच ज्ञानाच्या साधनांचं आहे, असं नैयायिक म्हणाले. नागार्जुनानं त्याला आव्हान दिलं: दिवा स्वतःला उजळतो हे म्हणणंच चूक. हा वाद मी तीस वर्षं वर्गात शिकवला. डालीची गंमत अशी की इथं दिव्याला विचारता येतं, तू ठीक आहेस का? आणि त्याचा ड्रायव्हर उत्तर देतो, माझा दिवा गेलाय. दिवा स्वतःविषयी बोलतो. पण कुणाशी बोलतो? ज्याच्याकडं विचारायचं साधन आहे, त्याच्याशीच. माझा प्रश्न तिथं येऊन थांबतो.

हे फक्त सभागृहाचं नाही. २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं आठवा. बारा-बारा तास लाईन नाही. तेव्हा आपल्या घरच्या दिव्याचं खरं बटण आपल्या भिंतीवर नव्हतंच, दूर कुठंतरी फिडरवर होतं. ५ जानेवारी २०१५ला केंद्राचा पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. जुने दिवे काढून एलईडी, आणि त्यांच्या पॅनेलमध्ये सिमकार्ड असलेली नियंत्रण पेटी. दिवे कधी लागले, किती वीज खाल्ली, बिघाड झाला का, हे लांबच्या स्क्रीनवर दिसतं. दिवसाढवळ्या जळणारे दिवे आपण पाहिलेत, त्यामुळं याचा फायदा मी नाकारत नाही. पण त्याच साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर काय झालं? पिवळे सोडियमचे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले. लोक म्हणाले, राणीचा हार आता हार राहिला नाही. वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि पुढं पिवळसर दिवे परत आले. हिशेबाच्या स्क्रीनवर सगळं बरोबर होतं. रस्त्यावर उभ्या माणसाला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

आता त्या मुलाकडे परत जाऊ. नंतर एका जाणकारानं मला उलगडून सांगितलं. डालीच्या ड्रायव्हरला बारीक तारांतला दाब मिळेनासा झाला, तर तो कारखान्यातून आलेल्या सेटिंगप्रमाणे पूर्ण उजेडावर जातो. मुद्दाम तसं केलंय. हुकूम तुटला तर माणसं अंधारात सापडू नयेत. म्हणजे सगळे दिवे फटफटीत आणि पाटी मुकी, हीच त्या बिघाडाची खूण. मल्टिमीटर डीसीवर ठेवून त्या दोन तारांवर लावला असता, १६ व्होल्टच्या जागी शून्य दिसलं असतं. बहुतेक त्या बारीक तारांना वीज देणारा छोटा पुरवठा गेला होता. तो बदलायला कोड लागत नाही. आणि सीन तर ड्रायव्हरच्या स्वतःच्या आठवणीत साठवलेले असतात, ते कुठं जात नाहीत. त्या मुलाकडं मल्टिमीटर होता हो! त्याला कमी पडलं ते कौशल्य नव्हे. हे सांगणारं कुणी त्याला भेटलं नाही.

म्हणून शिकवणारा म्हातारा म्हणून तीन गोष्टी मागतो. एक, काम करताना कोणत्या दिव्याला कोणता पत्ता दिला, कोणता गट, कोणता सीन, हे कागदावर लिहा आणि पॅनेलच्या दाराच्या आतून चिकटवा. उद्या ड्रायव्हर बदलला की नवा कोरा येतो. त्याला जुनं नाव द्यायला ते नाव कुठंतरी लिहिलेलं पाहिजे. दोन, काम घेताना मालकाला सांगा की कोड आणि प्रोग्रॅमची प्रत हातात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. शाळा असो, मंगल कार्यालय असो, ग्रामपंचायत असो. क्रॉफर्ड मार्केटची कंपनी एका वर्षात गेली होती. आजच्याही जाऊ शकतात. तीन, प्रत्येक हॉलमध्ये निदान काही दिवे साध्या बटणावर ठेवा. जुनं म्हणून हसू नका.

माझ्या आजीनं बटणाला हळदकुंकू लावलं, कारण उजेड आता आपल्या हुकमात आला असं तिला वाटलं. ते बटण भिंतीवरून निघून तारेत, तारेतून स्क्रीनवर गेलं. जाऊ दे. पण ते कुठं गेलं हे गावातल्या एका तरी माणसाला माहीत पाहिजे, आणि तो माणूस तुम्ही असला पाहिजे.

प्रश्न असतील तर विचारा. जोडणीचे मात्र पुढच्या सरांना विचारा, मला नको.