ट्रम्पेटचा मास्तर कुठे मिळायचा?

आजचा प्रश्न वरवर पाहता अगदी साधा आहे. साधारण 1940 साली मुंबईत एखाद्या पोराला ट्रम्पेट शिकायचंय. मास्तर कुठे शोधायचा?

आधी वाद्याबद्दल थोडं. ट्रम्पेटला कळा असतात तीन, बँडवाले त्यांना पिस्टन म्हणतात. तीन पिस्टन दाबायच्या तऱ्हा आठच होतात. आणि सूर तर दोन-अडीच सप्तकं काढायचे! मग बाकीचे सूर येतात कुठून? ओठांच्या ताणातून आणि श्वासातून. पेटीवर पट्टी दाबली की सूर मिळतो, इथे तसं नाही. ओठ चुकीचे बसले आणि ती सवय मुरली, तर ती मोडायला फार कष्ट पडतात. म्हणून समोर बसून तोंडाकडे बघणारा माणूस लागतो. पुस्तकावर भागत नाही.

असा माणूस पिढ्यान्‌पिढ्या कुठे तयार झाला, तर गोव्यात. पोर्तुगीज काळात गावच्या चर्चला जोडून शाळा असे आणि तिथला मेस्त्र मुलांना सॉल्फा म्हणायला, स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवी. (आपला सुताराचा ‘मिस्त्री’ याच पोर्तुगीज शब्दावरून आला, बरं का.) हेतू चर्चमधल्या गायनाचा; पण त्यातून झालं काय, की ज्याच्या घरात दुसरं काही भांडवल नाही असा मुलगाही कागदावरचं संगीत वाचू लागला. गावच्या फेस्ताला बँड लागायचा, तिथे पितळी वाद्यं हाताशी येत. मग ही मुलं बाहेर पडली. ब्रिटिशांच्या लष्करी बँडात गेली, संस्थानिकांकडे गेली, मूकपटांच्या थिएटरांत आणि हॉटेलांत वाजवू लागली.

1930च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये आफ्रिकी-अमेरिकी वादकांचे जाझ बँड येऊ लागले. त्यात क्रिकेट स्मिथसारखा ट्रम्पेटवादक होता. गोव्याच्या वादकांना लिहिलेलं वाचता येत होतं. न लिहिलेलं कसं वाजवायचं, ते त्यांनी या लोकांकडून आणि रेकॉर्डींवरून उचललं. हळदोण्याचा अँटोनियो झेव्हियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, याला लोक भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. आपल्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (1951) तो बँडसकट पडद्यावरच दिसतो. पाहिला नसेल तर जरूर पाहा.

आता खरा पेच बघा. मुंबईत ट्रम्पेट वाजवणारे कमी नव्हते. वरातीपुढे वाजवणारे बँडवाले तेच वाद्य वाजवत होते आणि उन्हात तासन्‌तास चालत वाजवत होते. त्यांचंही शिक्षण होतं, पण ते कानावरचं: बापाकडून, काकाकडून, बँडच्या उस्तादाकडून. यातले बहुतेक जण समाजानं खालचं मानलेल्या जातींतले किंवा गरीब मुसलमान. फिल्म स्टुडिओत मात्र समोर स्टँडवर कागद यायचा आणि तो बघून लगेच वाजवायचं. कान कितीही तयार असो, कागद वाचता येत नसेल तर स्टुडिओचं दार उघडणं अवघड. तेव्हा ‘मास्तर कुठे मिळेल’ हा प्रश्न निव्वळ हौसेचा नव्हता, पोटाचा होता. ज्याच्या गावात चर्चची शाळा नाही त्यानं काय करायचं?

इथे पंडित रामप्रसाद शर्मा येतात. मूळचे गोरखपूरचे, ट्रम्पेटवादक. माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यांत महत्त्वाचा माणूस हाच, आणि नेमकं त्याचंच नाव कुणी घेत नाही. त्यांनी मुंबईत आपल्या मुलांना आणि इतर अनेकांना स्वरलिपी शिकवली. म्हणजे चर्चच्या आवारातली विद्या एका हिंदू घरात शिकवली जाऊ लागली. त्यांच्या मुलांपैकी एक प्यारेलाल. वडिलांनी त्याला पाया दिला, पण व्हायोलिनसाठी तो गेला माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसकडे. आणि गोन्साल्विसचे वडील कोण? तर गावच्या चर्चमधले गायनवृंदाचे प्रमुख. म्हणजे धागा फिरून तिथेच जातो.

लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी 1977 साली ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात या गुरूचं नाव घातलं. पडद्यावर अमिताभ अंड्यातून बाहेर येतो आणि अख्खा देश एका व्हायोलिनच्या मास्तराचं नाव गुणगुणतो. ते खरोखरच्या माणसाचं आहे हे किती जणांना ठाऊक होतं? ट्रम्पेटवाल्या वडिलांच्या नावाचं असं गाणं काही झालं नाही.

लग्नाच्या बँडांविषयी आज फार घाईनं बोललो. पुढचं व्याख्यान पूर्ण त्यांच्यावरच घेऊ. आता प्रश्न असतील तर विचारा.