ओ सेब्रेइरोचे देऊळ

स्पेन देशाच्या वायव्य कोपऱ्यात सांतियागो हे तीर्थक्षेत्र आहे. येशूचा शिष्य संत याकोब याची समाधी तिथे आहे, अशी ख्रिस्ती भाविकांची श्रद्धा. आपल्या पंढरीच्या वारीप्रमाणे तिथेही शेकडो वर्षे लोक पायी जातात. तीर्थापासून सुमारे दीडशे किलोमीटर अलीकडे, तेराशे मीटर उंचीवर ओ सेब्रेइरो हे खेडे लागते. माझ्या नणंदबाई स्पेनमध्ये राहतात, म्हणून मला ते पाहण्याचा योग आला.

देऊळ बुटके, जाड दगडी भिंतींचे. मूळ नवव्या शतकातले. शेजारी गवताने शाकारलेली वाटोळी घरे. वारा असा की पदर डोक्यावर ठरेना!

इथली कथा चौदाव्या शतकाच्या सुमाराची. हिमवादळात एक गरीब शेतकरी मिस्सा ऐकायला डोंगर चढून आला. वेदीपाशी उभा असलेला पाद्री मनात हसला. भाकरीच्या तुकड्यासाठी आणि घोटभर द्राक्षारसासाठी एवढी तंगडतोड! तोच भाकरीचे मांस झाले, द्राक्षारसाचे रक्त झाले. मरियेच्या मूर्तीने ते पाहायला मान कलती केली, असेही सांगतात. खरेखोटे मी सातवी शिकलेली बाई काय ठरवणार? पण भगिनींनो, देवळातल्या माणसांनीच जपलेल्या या कथेत मान मिळतो तो चालत आलेल्याला, पाद्र्याला नव्हे. घरच्या कामातून वेळ काढून धापा टाकीत देवदर्शनाला जाणारीला यातले मर्म लगेच कळेल.

त्या चमत्काराचा म्हणून दाखवतात तो प्याला देवळात आहे. १४८६ साली राणी इसाबेला इथे येऊन गेली. तिने दिलेल्या कुप्याही आहेत. सारे तेच बघतात.

मला मात्र १९५९ साली इथे नेमलेले पाद्री एलिआस वालिन्या मोठे वाटतात. तेव्हा ही वाट जवळजवळ मोडली होती. त्यांनी जुन्या वाटेचा अभ्यास केला आणि १९८४ साली स्वतः गाडीत पिवळा रंग घेऊन झाडांवर, दगडांवर, भिंतींवर बाण काढीत गेले. यात्रेकरू चुकू नये, एवढाच हेतू. १९८५ साली सांतियागोला पोचल्याचा दाखला घेणारे सातशेसुद्धा नव्हते. २०२३ साली ते चार लाखांवर गेले. वालिन्या १९८९ सालीच वारले. १९९३ साली ही वाट जागतिक वारशात गेली, ते त्यांना पाहता आले नाही.

देवळाबाहेर त्यांचा अर्धपुतळा आहे. तिथे मी बराच वेळ थांबले; नणंदबाई थंडीने कुडकुडत हाका मारीत होत्या.