भवानी पेठेतील सायकल: डबल बारपासून गिअरपर्यंत

सोलापुरात सायकल रुळली ती कामाचे वाहन म्हणून. १८६० मध्ये शहरात रेल्वे आली, १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदासांची गिरणी सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी या गिरण्या उभ्या राहिल्या. शहराच्या पूर्व भागातील भवानी पेठ, साखर पेठ या वस्त्यांत तेलुगू भाषक पद्मशाली विणकरांचे माग चालत. गिरणीचा भोंगा कामगाराला वेळेत गाठावा लागे. विणकराला सूत आणायचे आणि तयार माल पोहोचवायचा असे. बव्हंशी सपाट असलेल्या या शहरात दोघांनाही परवडण्याजोगे वाहन म्हणजे सायकल.

स्वातंत्र्यापूर्वी बीएसए, रॅले, हर्क्युलिस या विलायती सायकलींचा दबदबा होता. १९४९ मध्ये मद्रासजवळ टीआय, १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलास आणि १९५६ मध्ये लुधियानाला हीरो या कंपन्या उभ्या राहिल्यावर काळी देशी सायकल कष्टकऱ्यांच्या आवाक्यात आली. दोन दांड्यांचा म्हणजे ‘डबल बार’ दणकट सांगाडा, रॉडचे ब्रेक, चेनकव्हर, मागे रुंद कॅरिअर असा तिचा थाट. मुले दांडीखालून पाय घालून तिच्यावर शिकत. दसऱ्याला तिला झेंडूचा हार चढे, आणि वर्षाकाठी ‘ओव्हरॉइलिंग’ झाले की ती पुन्हा कामाला लागे. या सायकलीची सोय विसरता येत नाही: बिघाड झाला तर कोपऱ्यावरचा कारागीर पाना-हातोडीने ती दुरुस्त करी.

या काळ्या सायकलीशेजारी पुढे उभी राहिली ती माउंटन बाइक. ती जन्मली १९७० च्या दशकात, कॅलिफोर्नियातील माउंट टॅमलपाइसच्या उतारांवर. तेथील तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन मातीच्या वाटांवरून खाली सुटत. १९७७ मध्ये जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी सांगाडा बांधला, १९८१ मध्ये ‘स्टम्पजम्पर’ ही कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालेली माउंटन बाइक बाजारात आली, तर १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले. भारतीय कंपन्यांनी आधी तिचे रूप उचलले: सरळ हँडल, जाड टायर, भडक रंग. गिअर सर्वत्र पोहोचायला वेळ लागला. सुरुवातीच्या अनेक देशी ‘एमटीबी’, म्हणजे माउंटन बाइक, गिअरविनाच होत्या; त्या जड चालत, आणि नाव मोठे असूनही चढावर काळ्या सायकलीपेक्षा फारशा सरस ठरत नसत.

खरा फरक गिअरचाच. सोलापूरहून तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर. शेवटी बालाघाटाचा चढ लागतो. एका गिअरच्या सायकलीवरून जिथे उतरावे लागते, तिथे हलक्या गिअरवर बसूनच चढता येते. त्यासाठी जुन्या सवयी मात्र मोडाव्या लागतात. गिअर चढ लागण्याआधीच बदलायचा, पायडलवर जोर असताना नाही. पुढची मोठी चकती आणि मागची मोठी चकती एकाच वेळी वापरली तर चेन तिरकी ओढली जाते. सीट पाय टेकण्याच्या सोयीने खाली ठेवण्याची रीतही सोडावी लागते: पायडल तळाशी असताना गुडघा किंचितच वाकलेला राहावा, नाहीतर गुडघे दुखू लागतात. पहिल्या काही आठवड्यांत केबल सैल पडतात आणि गिअर अडखळतात. तो दोष नव्हे, पहिल्या सर्व्हिसिंगचे निमित्त.

इथल्या जमिनीचीही परीक्षा वेगळी. पावसात काळी माती टायर आणि मडगार्डमध्ये भरून चाक जाम करते. माउंटन बाइकमध्ये टायरभोवती मोकळी जागा जास्त असल्याने ती अधिक तग धरते. बाभळीचा काटा मात्र जाड टायरलाही सोडत नाही. म्हणून शहराबाहेर जाताना जादा ट्यूब आणि छोटा पंप सोबत हवाच. डांबरी रस्त्यावर हवा जास्त, कच्च्या वाटेवर थोडी कमी, हेही लवकर शिकावे लागते.

भवानी पेठेत सायकल घेताना पहिला प्रश्न कामाचाच असावा. सुताचे गठ्ठे वाहायचे तर कॅरिअरवाली काळी सायकल आजही योग्य. तुळजापूरचा घाट चढायचा तर आपल्या मापाच्या सांगाड्याची, गिअरची सायकलच घ्यावी. नुसत्या जाड टायरसाठी जादा पैसे मोजू नयेत.